मुंबईवरचं टळलं, दिल्लीचं राहिलं

1 नोव्हेंबर 1956. गुजरात आणि महाराष्ट्र एका दावणीला बांधणारं द्वैभाषिक मुंबई राज्य त्या दिवशी अस्तित्वात आलं. त्या पिढीतल्या माणसांसमोर ही तारीख काढली की आजही त्यांचा आवाज चढतो. पण त्याच दिवशी, त्याच राज्य पुनर्रचनेच्या तडाख्यात दिल्लीची विधानसभा बंद झाली, हे आपल्याकडे फारसं कुणी सांगत नाही. मला ते सासऱ्यांनी सांगितलं.

दादा, म्हणजे माझे सासरे, केंद्र सरकारच्या नोकरीत लागून स्वातंत्र्यानंतर लगेचच दिल्लीत आले होते. 1952 मध्ये त्यांनी दिल्लीच्या विधानसभेसाठी मत दिलं. पुढचं मत द्यायची वेळ आली ती 1993 मध्ये, तेव्हा ते निवृत्त होऊन बसले होते आणि मी, त्यांची सून, साताऱ्याहून लग्न होऊन नुकतीच तिमारपूरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायला आले होते. मतदान केंद्रावर आम्ही दोघं बरोबर गेलो. रांगेत उभे असताना ते म्हणाले, "तुझं पहिलं मत, माझं दुसरं. मधली नोकरीची सगळी वर्षं कोरी गेली." ते रागानं बोलले नाहीत, नोंद करावी तसं बोलले. पण तेव्हापासून या सभागृहाबद्दल मिळेल ते वाचत आले आहे, आणि जसजसं वाचते तसतसं मुंबईबद्दल एक गोष्ट पक्की होत जाते. ती पुढे लिहिते.

आधी दिल्लीला विधानसभा मिळाली कशी, ते. 1947 मध्ये पट्टाभि सीतारामय्यांच्या समितीनं दिल्लीला निवडलेलं विधिमंडळ असावं अशी शिफारस केली होती. घटनेच्या मसुदा समितीला ती मान्य झाली नाही. बाबासाहेबांचं म्हणणं असं होतं की देशाची राजधानी स्थानिक प्रशासनाच्या हाती देणं अवघड आहे. अमेरिकेतही तेव्हा राजधानीच्या मुलखाचा कारभार तिथल्या संसदेकडेच होता. हा मुद्दा हलका नाही. संसद इथे, राष्ट्रपती भवन इथे, जगभरच्या वकिलाती इथे. पण राजधानी म्हणजे फक्त रायसीना टेकडी नव्हे. त्या टेकडीभोवती जुन्या शहराच्या गल्ल्या होत्या, खेडी होती, फाळणीनंतर आलेल्या निर्वासितांच्या वसाहती होत्या. त्या माणसांच्या वतीनं घटना समितीत सर्वांत जास्त भांडले ते देशबंधू गुप्ता. मुख्यमंत्रिपदासाठी त्यांचंच नाव घेतलं जात होतं. नोव्हेंबर 1951 मध्ये विमान अपघातात ते गेले, निवडणूक अवघ्या काही आठवड्यांवर असताना.

मार्च 1952 मध्ये सभागृह बसलं. सदस्य 48, मतदारसंघ 42, त्यातल्या सहा मतदारसंघांतून दोन-दोन सदस्य. काँग्रेसचे 39, जनसंघाचे 5. मुख्यमंत्री झाले चौधरी ब्रह्मप्रकाश, वय वर्षं 34. पण पोलीस, कायदा-सुव्यवस्था आणि जमीन या सभागृहाच्या कक्षेबाहेर. मंत्रिमंडळाच्या डोक्यावर केंद्रानं नेमलेले मुख्य आयुक्त. आनंद पंडित मुख्य आयुक्त झाल्यावर त्यांचे आणि ब्रह्मप्रकाशांचे खटके उडायला लागले, आणि 1955 मध्ये ब्रह्मप्रकाशांना पायउतार व्हावं लागलं. आजची दिल्ली ज्यांना ठाऊक आहे त्यांना ही भांडणं ओळखीची वाटतील. मुख्य आयुक्तांच्या जागी नायब राज्यपाल वाचलं की झालं.

त्यांच्यानंतर सभापती गुरुमुख निहाल सिंग मुख्यमंत्री झाले. सभा बरखास्त झाली त्याच 1 नोव्हेंबरला ते राजस्थानचे राज्यपाल झाले. मुख्यमंत्र्यांची सोय झाली. दिल्लीच्या मतदाराची झाली नाही.

राज्य पुनर्रचनेसाठी नेमलेल्या फजल अली आयोगाचं म्हणणं होतं की दिल्लीला महापालिकेची स्वायत्तता पुरेशी आहे. त्याच आयोगानं मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र नाकारला होता. आणि आयोगाच्या अहवालानंतर, 16 जानेवारी 1956 रोजी, पंडित नेहरूंनी मुंबई केंद्राच्या ताब्यात राहील असं जाहीर केलं होतं. पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे: गोळीबार, हुतात्मे, चिंतामणराव देशमुखांचा राजीनामा. मुंबई केंद्रशासित होता होता राहिली. दिल्ली झाली. महाराष्ट्रातल्या माणसाला दिल्लीच्या विधानसभेशी काय देणंघेणं, असं माझ्या माहेरी विचारतात तेव्हा मी हे सांगते. मुंबईचं तसं झालं असतं तर काय झालं असतं, हे कल्पनेनं ठरवायची गरज नाही. मी गेली तीसहून अधिक वर्षं ते दिल्लीत राहून पाहते आहे.

सभा गेल्यावर 1957 चा कायदा करून महापालिका आली. 1958 मध्ये अरुणा असफ अली पहिल्या महापौर झाल्या. महापौर मोठ्या मोलाच्या होत्या, पण महापालिकेला कायदा करता येत नाही. मग 1966 मध्ये महानगर परिषद नावाची एक रचना काढली: 56 निवडून आलेले आणि 5 नेमलेले, मिळून 61. मुख्यमंत्री नाही, मुख्य कार्यकारी पार्षद. परिषदेनं चर्चा करायची, शिफारस करायची आणि थांबायचं. या परिषदेचे पहिले अध्यक्ष लालकृष्ण अडवाणी. ती 1990 पर्यंत चालली. दादा म्हणायचे, तिथल्या भाषणांच्या बातम्या पेपरात वाचून खाली ठेवल्या की पुढे काही घडायचं नाही. त्यांच्या आयुष्याची कोरी वर्षं ती हीच.

1987 मध्ये सरकारिया समिती बसली, पुढे ती बालकृष्णन समिती झाली, 1989 मध्ये अहवाल आला. 1991 मध्ये 69 वी घटनादुरुस्ती होऊन घटनेत 239 अअ हे कलम आलं. विधानसभा परत मिळाली. सदस्य 70. मुख्यमंत्र्यांसह मंत्री एकूण सदस्यसंख्येच्या दहा टक्के, म्हणजे सातच. आणि पोलीस, कायदा-सुव्यवस्था, जमीन? ते 1952 सारखंच बाहेर. 37 वर्षांनी दार उघडलं, पण आतल्या तीन खोल्यांना कुलूप तसंच.

ही विधानसभा बसते ती इमारत आमच्या घरापासून लांब नाही. चंद्रावल गावाच्या जमिनीवर 1912 मध्ये उभी राहिलेली पांढरी, दोन्ही अंगांना पसरलेली, मधोमध मनोरे असलेली वास्तू. दिल्लीकर अजून तिला जुनं सचिवालय म्हणतात. कलकत्त्याहून राजधानी हलली तेव्हा नवी दिल्ली तयार व्हायची होती, म्हणून केंद्राचं विधिमंडळ इथेच भरायचं. मार्च 1919 मध्ये रौलट कायदा याच इमारतीत संमत झाला, आणि त्याच्या निषेधार्थ मालवीय आणि जीनांनी सदस्यत्व सोडलं. केसरीचे संपादक न. चिं. केळकर 1923 च्या निवडणुकीत स्वराज्य पक्षातर्फे केंद्रीय विधानसभेत गेले, तेही इथेच बसायचे. ऑगस्ट 1925 मध्ये विठ्ठलभाई पटेल 58 विरुद्ध 56 मतांनी या सभेचे पहिले निवडून आलेले भारतीय अध्यक्ष झाले. गेल्या वर्षी, म्हणजे 2025 मध्ये, त्या घटनेची शताब्दी झाली तेव्हा देशभरातल्या विधानसभांचे अध्यक्ष इथे जमले होते. 2004 च्या डिसेंबरात मेट्रो आली, स्टेशनाला विधानसभा नाव मिळालं, आणि आता विद्यापीठात जाणारी मुलं रोज ते नाव ऐकत पुढे जातात. त्यातल्या किती जणांनी आत पाऊल टाकलं असेल? जायला हवं. आमदाराच्या शिफारशीवर पास मिळतो.

माझा पुण्याचा भाचा राज्यशास्त्र शिकत होता तेव्हा त्याला मी नेलं होतं. फोन बाहेर जमा केले, गॅलरीत जाऊन बसलो. भाच्याला मोठी भाषणं ऐकायची होती. मला ऐकायचं होतं ते दोनशे ऐंशी. नियम 280 खाली आमदाराला आपल्या मतदारसंघातला प्रश्न सभागृहात मांडता येतो. मजकूर आधी लिहून द्यायचा, पुकारा झाला की उभं राहून वाचायचा. इथले आमदार "मेरा दो सौ अस्सी लगा है" असं म्हणतात. त्या दिवशी एक आमदार उठले आणि त्यांनी एका सरकारी शाळेच्या मागच्या भिंतीबद्दल वाचलं. भिंतीला लागून मोकळा भूखंड, त्यावर कचऱ्याचा ढीग, पावसात त्याचं पाणी वर्गात शिरतं, मुली त्या वाटेनं जायला घाबरतात कारण अंधार पडला की तिथे दारू पिणारे बसतात. दीड-दोन मिनिटांत वाचून ते खाली बसले.

भाचा माझ्याकडे वळून म्हणाला, "मावशी, यात अवघड काय आहे? मंत्र्यांनी आदेश काढायचा."

मी त्याला बोटांवर मोजून दाखवलं. शाळा दिल्ली सरकारची, ती मंत्र्यांच्या हातात. भूखंड केंद्राच्या अखत्यारीतला, तो नाही. कचरा महापालिकेचा. दारू पिणाऱ्यांना हटवणार पोलीस, आणि पोलीस केंद्राच्या गृहखात्याकडे. समोरचा रस्ता साठ फुटांहून रुंद असेल तर सार्वजनिक बांधकामचा, अरुंद असेल तर महापालिकेचा. आमदारानं वाचलं त्यात पाच तक्रारी होत्या आणि सभागृहाला उत्तर देऊ शकेल अशी जेमतेम दीड. भाचा गप्प झाला. मग म्हणाला, "मग हे निवडून कशाला देता?"

याचं उत्तर माझ्याकडे आहे, आणि ते मी त्याला तिथेच दिलं. त्या आमदारानं वाचलेला शब्द न् शब्द कामकाजात नोंदला गेला. विभागाकडून त्यावर लेखी उत्तर येणं अपेक्षित असतं. त्या शाळेतल्या मुलींच्या आया वर्षानुवर्षं या खिडकीवरून त्या खिडकीवर फिरत असतील. आमच्या गल्लीतल्या तुंबलेल्या गटारासाठी मी स्वतः फिरले आहे, आणि प्रत्येक कार्यालयात "हे आमच्याकडे येत नाही" हेच ऐकलं आहे. अशा माणसाचं गाऱ्हाणं जिथे उभं राहून वाचलं जातं आणि ज्याची नोंद होते, अशी या शहरात ही एकच जागा आहे. महानगर परिषदेच्या काळात बोलणं होतं, पण सरकार त्या बोलण्याला बांधलेलं नव्हतं. आज दीड तक्रारीपुरतं का होईना, बांधलेलं आहे. एक लाख कोटींचं अंदाजपत्रक, 2025-26 चं, याच सभागृहानं मंजूर केलं. शाळा, दवाखाने, पाणी, बस, वीज: रोजच्या जगण्यातलं बरंचसं इथे ठरतं.

सभागृहात कोण बसतं हेही तीस वर्षांत पार बदललं. 1993 मध्ये भाजपचे 49 आले आणि मदनलाल खुराना मुख्यमंत्री झाले. त्यांचा जन्म लायलपूरचा, फाळणीत उठून आलेल्या पंजाबी दिल्लीचे ते नेते. त्यांच्यानंतर साहिबसिंग वर्मा, म्हणजे दिल्लीच्या खेड्यांतला जाट समाज. मग 1998 मध्ये कांद्यानं रडवलं आणि शीला दीक्षितांची पंधरा वर्षं सुरू झाली. आता बिहार आणि पूर्व उत्तर प्रदेशातून आलेल्यांची मतं मोजल्याशिवाय कुणी उमेदवार ठरवत नाही; छठपूजेचे घाट हा इथे निवडणुकीचा विषय असतो. आम्ही मराठी माणसं पहाडगंज, करोलबाग अशी विखुरलेली, कुठल्याच मतदारसंघात पारडं फिरवण्याइतकी नाही. बायकांचं म्हणाल तर सुषमा स्वराज, शीला दीक्षित, आतिशी, रेखा गुप्ता अशा चार महिला मुख्यमंत्री दिल्लीनं पाहिल्या, महाराष्ट्रानं अजून एकही नाही. पण आमदारांत 70 पैकी नऊच्या वर बायका कधी गेल्या नाहीत, आणि ते नऊ 1998 मधले. 2025 मध्ये पाच.

आकडे आणखी एका ठिकाणी बोलतात. 2015 मध्ये आम आदमी पक्षाला 67 जागा, भाजपला 3. पण भाजपची मतं 32 टक्के होती. 2025 मध्ये भाजप 48, आप 22, आणि मतांतला फरक जेमतेम दोन टक्क्यांचा. सत्तर जागांचं लहान सभागृह, शहरभर एकच वारं, त्यामुळे थोडं पारडं झुकलं की सगळं एका बाजूला जातं. मतदारसंघही सारखे नाहीत: दिल्ली कँटोन्मेंटमध्ये मतदार 80 हजारांच्या आत, विकासपुरीत साडेचार लाखांच्या वर. विकासपुरीतल्या माणसाच्या मताचं वजन कँटोन्मेंटमधल्याच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी.

आणि मोठं बहुमत आलं की सत्ताधारी विरोधकांना कसं वागवतात, हे दोन्ही बाजूंनी पाहिलं. 2015 मध्ये तिघांच्या पक्षाचे नेते विजेंद्र गुप्ता यांना मार्शलांनी उचलून सभागृहाबाहेर नेलं. आज तेच विधानसभा अध्यक्ष आहेत, आणि फेब्रुवारी 2025 मध्ये, नव्या सभागृहाच्या पहिल्याच अधिवेशनात विरोधकांच्या 22 पैकी 21 आमदारांना निलंबित केलं गेलं. केंद्रीय हिशेबतपासनीसांचे, म्हणजे कॅगचे, 14 अहवाल आधीच्या सरकारनं सभागृहापुढे वेळेत ठेवलेच नव्हते. नवं सरकार आल्यावर ते पटलावर यायला लागले. दिल्लीला जास्त अधिकार हवेत असं मी मनापासून म्हणते, म्हणूनच हेही तितक्याच जोरानं म्हणायला हवं. जे हातात आहे ते सभागृह नीट चालवणं हे कुणा नायब राज्यपालांच्या परवानगीवर अवलंबून नव्हतं.

अधिकारांचं मात्र उलट्या दिशेनं चाललं आहे. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं सांगितलं की तीन राखीव विषय सोडून नायब राज्यपालांनी मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानं चालावं. 11 मे 2023 रोजी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पीठानं अधिकाऱ्यांच्या नेमणुका-बदल्याही निवडलेल्या सरकारकडे दिल्या. आठ दिवसांत, 19 मे रोजी, केंद्रानं अध्यादेश काढला आणि ऑगस्टमध्ये त्याचा कायदा झाला. बदल्या गेल्या. यावर खूप लिहिलं गेलं. ज्यावर जवळपास काहीच लिहिलं गेलं नाही ते 2021 च्या दुरुस्तीतलं एक वाक्य: दैनंदिन प्रशासनाचा विचार करण्यासाठी किंवा प्रशासकीय निर्णयांची चौकशी करण्यासाठी विधानसभेनं स्वतःला वा आपल्या समित्यांना अधिकार देणारा नियम करायचा नाही, आणि आधी केलेला असेल तर तो रद्द.

मला सगळ्यात जास्त बोचतं ते हे. आमदाराचं खरं काम समितीत चालतं. अधिकाऱ्याला समोर बसवून फाइल कुठे अडली हे विचारणं म्हणजेच ती भिंत, तो भूखंड, ते गटार. दोनशे ऐंशीखाली वाचलेल्या प्रश्नाचं पुढे काय झालं हे विचारायची जागाच काढून घेतली, तर उरतं ते वाचणं. मग महानगर परिषद आणि यात अंतर किती राहिलं?

मुंबईत 36 आमदार आहेत. मालाडच्या किंवा कुर्ल्याच्या माणसाला पोलिसांबद्दल तक्रार असेल तर त्याचा आमदार विधानसभेत गृहमंत्र्यांना जाब विचारतो, मंत्री उठून उत्तर देतात, ते समाधानकारक नसलं तर गदारोळ होतो. ते आपल्याला इतकं अंगवळणी पडलं आहे की त्याची किंमत कळत नाही. 1956 मधला बेत तडीस गेला असता तर मुंबईच्या आमदाराला पोलीस, जमीन, अधिकारी या तिन्हींवर हात जोडून बसावं लागलं असतं, आणि कुठल्या तरी वर्षी तेही सभागृह मोडून पुन्हा केव्हा मिळतं याची वाट पाहावी लागली असती. ज्या शहरात जमिनीच्या तुकड्यावरून एवढं राजकारण चालतं तिथे जमीनच सभागृहाबाहेर असती.

पूर्ण राज्याचा दर्जा प्रत्येक पक्षानं केव्हा ना केव्हा मागितला आहे. 2003 मध्ये खुद्द अडवाणींनी, महानगर परिषदेच्या त्या पहिल्या अध्यक्षांनी, उपपंतप्रधान असताना संसदेत तसं विधेयक आणलं होतं; ते स्थायी समितीकडे गेलं आणि लोकसभेबरोबर संपलं. ते आज-उद्या होईल असं मला वाटत नाही. पण समित्यांचे अधिकार परत मागायला राज्याचा दर्जा लागत नाही, संसदेनं एक दुरुस्ती मागे घेतली की पुरे. आज केंद्रात आणि दिल्लीत एकच पक्ष आहे, म्हणजे यात भांडणाचंही कारण नाही. आमच्या आमदारांना मी तसं पत्र लिहिलं आहे: सभागृहानं याबाबत ठराव करावा, आणि नियम 280 खाली मांडलेल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर विधानसभेच्या संकेतस्थळावर टाकावं. मुखर्जीनगरमधल्या शेजाऱ्यांच्या सह्या घेणं चालू आहे. दिल्लीतल्या कुणा मराठी वाचकाला आपल्या आमदाराला असंच पत्र द्यायचं असेल तर हिंदी मजकूर माझ्याकडे तयार आहे, खाली कळवा, पाठवते.